नार्टेच्या पत्रातली साखर

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एक चित्र उभं करा. एक जुनं आंब्याचं झाड. त्याखाली चार लांब बाकं. बाकांवर हिरव्या-पांढऱ्या कापडातली तीस मोठी माणसं, अगदी गप्प. शेजारी कढईत पिकल्या केळ्याचे काप तळले जातायत. आणि ही सगळी मोठी माणसं अकरा वर्षांच्या एका मुलीच्या तोंडाकडे बघतायत. दिसलं? मग आता डोळे उघडा. मिटल्या डोळ्यांनी पुढचं वाचता येणार नाही.

त्या मुलीचं नाव अफ्रिये. गाव बोन्क्रो, कुमासी शहरापासून दोन तासांवर. तीस माणसं म्हणजे बोन्क्रो स्टार्स या फुटबॉल संघाचं चाहते मंडळ. दर सोमवारी संध्याकाळी अफ्रियेने त्यांना नार्टेचं पत्र वाचून दाखवायचं, असा नियम होता.

हा नार्टे कसा आला, ते ऐका. बोन्क्रोकरांचा रेडिओवरचा विश्वास एका रविवारी उडाला. त्या दिवशी स्टार्सनी तीन गोल केले, आणि तिन्ही वेळा निवेदक पोटदुखीच्या औषधाची जाहिरात वाचत होता. समोरच्या दंपोंग रोव्हर्सनी एकच गोल केला, तेव्हा मात्र तो इतका ओरडला की केळी तळणाऱ्या मामे पोकुआच्या रेडिओची जाळी निखळली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात रोव्हर्सच्या त्या खेळाडूचा फोटो आला, त्याच्या आईचा आला, आणि कोपऱ्यात आईच्या शेळीचाही अर्धा आला. बोन्क्रोच्या विजयाला तीन ओळी मिळाल्या. त्यात गावाचं नाव चुकलं होतं.

तेव्हा कुणीतरी नार्टेबद्दल सांगितलं. हा राजधानीतला, अक्राचा निवृत्त मास्तर. स्वतःच्या पैशाने गावोगावच्या मैदानांवर जायचा आणि नेमका गोलच्या मागे बसायचा. जेवायला घरून मक्याच्या पिठाचे केंके बांधून आणायचा, म्हणजे कुणाच्या घरचं खाल्लं असं कुणी म्हणायला नको. सामना संपला की वर्गणी भरणाऱ्यांना फोनवर पत्र पाठवायचा.

"रेडिओ फुकट खोटं सांगतो, हा पैसे घेऊन खरं सांगणार," द्वोमो न्हावी म्हणाला. "फरक काय? संघ तोच, पाय तेच."

मामे पोकुआ मंडळाची खजिनदार होती. ती झारा हलवत म्हणाली, "तू कधी फुकट दाढी करतोस का रे कुणाची?"

"छे! फुकट केली तर कापलं तरी गिऱ्हाइकाला बोलायची सोय नाही."

"मग मी दुसरं काय सांगतेय?"

वर्गणी ठरली. तीस जणांत एक, पोकुआच्या फोनवर. पत्र इंग्रजीत यायचं, आणि म्हाताऱ्या मंडळींचं इंग्रजी 'गुड मॉर्निंग'पाशी संपत होतं. ज्यांना येत होतं ती तरुण मुलं इंग्लंडचे सामने बघायला टीव्हीच्या टपरीत बसलेली असत. म्हणून वाचायला अफ्रिये.

आता यात एक पेच होता. मंडळाचे अध्यक्ष नाना आंपेम हे गावच्या वरच्या आळीचे मुखिया. मुखियाच्या कानात कुणाचा शब्द सरळ जात नाही. तो आधी ओक्यामेला, म्हणजे मुखियाच्या निरोप्याला सांगायचा, आणि ओक्यामेने नीट घासूनपुसून मुखियाला पोचवायचा. ही रीत इतकी जुनी, की फुटबॉलसाठी ती मोडावी असं कुणाच्या मनातही आलं नाही. नानांचे ओक्यामे होते बेदिआको, अफ्रियेचे सख्खे मामा. ती त्यांच्याच घरी राहायची, त्यांच्याच पैशाने शिकायची.

तर अफ्रिये इंग्रजीत वाचायची. मामा डोळे मिटून ऐकायचे. मग काठी टेकून आपल्या भाषेत नानांना सांगायचे.

पहिल्याच पत्रात नार्टेने लिहिलं होतं, 'बोन्क्रोचा गोलकीपर चेंडूला वाट करून देतो.'

मामा म्हणाले, "नाना, नार्टे म्हणतो, आपला गोलकीपर आल्यागेल्याचा मान राखणारा आहे."

दुसऱ्या पत्रात होतं, 'मधली फळी झोपली होती.'

"नार्टे म्हणतो, मधल्या फळीने कुठेही घाई केली नाही."

बाकांवरून माना डोलल्या. "याला म्हणतात निःपक्षपाती," द्वोमोसुद्धा म्हणाला. "नाहीतर तो रेडिओवाला!"

अफ्रियेने घरी जाऊन विचारलं, "मामा, तसं लिहिलेलं नव्हतं ना?"

"पोरी, राजा मेला की आपण काय म्हणतो?"

"राजा गावी गेले."

"का?"

"तसंच म्हणतात म्हणून."

"झालं तर मग. कडू औषध पानात गुंडाळूनच द्यायचं. ओक्यामेचं काम तेवढंच."

"पण औषध पोटात तरी जायला हवं ना? तुम्ही नुसतं पानच देताय."

मामांनी तिला भांडी घासायला पाठवलं.

सबंध हंगाम असा गेला. स्टार्स हरत राहिले आणि मंडळ नार्टेवर खूश होत राहिलं. शेवटचा सामना पुन्हा रोव्हर्सशी होता. हरलं तर स्टार्स खालच्या गटात जाणार होते. शेवटच्या मिनिटाला स्टार्सच्या ओदुरोने चेंडू आत घातला, पंचाने गोल नाकारला, आणि स्टार्स खाली गेले. रेडिओ म्हणाला, पंच बरोबर. तेव्हा बोन्क्रोला खात्रीच पटली की पंच चूक.

सोमवारी झाडाखाली सगळे जमले. नेहमीप्रमाणे नानांनी केळ्याचा पहिला काप अफ्रियेला पाठवला. तिने तो खाल्ला, बोटं पुसली आणि वाचायला सुरुवात केली. नार्टेने लिहिलं होतं, 'मी दहा पावलांवर होतो. चेंडू ओदुरोने हाताने मारला. पाचही बोटं मला दिसली. चाळीस वर्षांत इतकी उघड लबाडी मी पाहिली नव्हती.'

मामांनी डोळे मिटले. या वेळी जरा जास्तच वेळ मिटले.

"नाना, नार्टे म्हणतो... असा गोल त्याने चाळीस वर्षांत पाहिला नव्हता."

झाडाखाली एकच जल्लोष झाला. पोकुआने हातातला झारा उंचावला, तेलाचा थेंब द्वोमोच्या टकलावर पडला, पण तो ओरडला आनंदानेच.

नाना उठून उभे राहिले. नाना उभे राहिले की सगळे गप्प होत. "बुधवारी मी कुमासीला जाणार," ते म्हणाले. "फुटबॉल संघटनेच्या साहेबांपुढे दाद मागणार. नार्टेचं पत्र छापून हातात घेणार आणि म्हणणार, हा घ्या माझा साक्षीदार. तो कुणाचं खात नाही. मोठ्याने वाचा! बेदिआको, तुम्ही माझ्याबरोबर चला."

साहेबांना इंग्रजी उत्तम येत होतं. हे अफ्रियेला माहीत होतं आणि मामांनाही. नाना सत्तर वर्षांचे. आजवर त्यांना कुणी हसलं नव्हतं. अफ्रियेला ती खोली दिसू लागली. टेबलामागचे साहेब पत्र वाचतायत, पाच बोटांपाशी येतात, एकमेकांकडे बघतात. आणि समोर नाना, हिरव्या-पांढऱ्या कापडात, ताठ.

आणि मामांनी सगळ्यांदेखत शब्द मागे घेतला तर ते ओक्यामे कसले?

"निघण्याआधी ते पत्र मला पाठ करायचंय," नाना म्हणाले. "अफ्रिये, पुन्हा वाच. सगळं."

मोठ्यांचं चुकलं असं मुलांनी चारचौघांत म्हणायचं नाही, हे अफ्रियेला पक्कं ठाऊक होतं. तिने रीत मनात सुरुवातीपासून तपासली. शब्द नानांना सरळ सांगायचा नाही. ओक्यामेला सांगायचा. कोणत्या भाषेत, ते मात्र कुणी कधी ठरवलेलं नव्हतं.

तिने मामांकडे पाहिलं. मामा जमिनीकडे बघत होते. मग त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि सावकाश म्हणाले, "बोल पोरी. मी ऐकतोय."

अफ्रिये उठली. नानांकडे तिने पाठ केली नाही, पण तोंड मामांकडे ठेवलं, अगदी रीतीप्रमाणे. आणि चारही बाकांना आणि कढईलाही ऐकू जाईल अशा आवाजात, आपल्या भाषेत, ती म्हणाली, "मामा, नानांना सांगा. नार्टे म्हणतो, चेंडू ओदुरोने हाताने मारला. पाचही बोटं दिसली."

कढईतले काप करपले, तरी पोकुआचा झारा हलला नाही. नाना खाली बसले.

"सगळं, म्हणालो होतो मी," ते म्हणाले.

अफ्रियेने मान हलवली. फोनवर बोट सरकवत ती मागे मागे गेली, हंगामाच्या पहिल्या पत्रापर्यंत, आणि गोलकीपरपासून सुरुवात केली.