शेवटच्या ओळीपर्यंत

मी एक जुनी वही आहे, मित्रांनो, आणि माझी पानं मोजलीत तर ती कमीच भरतील. चारशे पानांची म्हणून माझी शिवण झाली होती. आज तीनशेपेक्षा थोडी जास्त उरली आहेत. बाकीच्या पानांच्या नुसत्या कडा शिवणीला चिकटून आहेत. पण हे उंदरांचं काम नाही, तेव्हा त्यांना दोष देऊ नका.

मला एका बाइंडरबाईंनी बांधलं. बाई दोरा ओढताना जीभ दातांत धरायच्या आणि सुई टोचली की स्वतःलाच "मूर्ख" म्हणायच्या. पाठीला निळं कापड, कोपऱ्यांना कातडं, आत आखीव कागद. मला वाटलं, मी एखाद्या शाळेत जाईन. गेले मात्र चित्रपटगृहात. तिथल्या व्हरांड्यात, तिकिटाच्या खिडकीशेजारी एक उंच टेबल होतं. त्यावर मला ठेवलं, दोरीनं एक बॉलपेन बांधलं आणि वर पाटी लावली : 'आपला अभिप्राय लिहावा. एका पानावर एकानेच. मागील बाजूस लिहू नये.' पेन तीनदा चोरीला गेलं. दोरी मात्र कुणी नेली नाही.

तुम्हाला वाटेल, हिची चैन आहे, रोज सिनेमा. छे! पडदा आतल्या अंधारात आणि मी बाहेरच्या उजेडात. आयुष्यात मी एकही चित्रपट पाहिलेला नाही. मला फक्त लोकांनी काय लिहिलं तेवढं कळायचं. एकच नट एका पानावर देवमाणूस असायचा आणि पुढच्या पानावर ठोकळा. त्यामुळे मी कुणावरही चटकन विश्वास ठेवत नाही.

आमचे मॅनेजर साहेब दर गुरुवारी दुपारी एक पोलादी पट्टी घेऊन यायचे. प्रत्येक पानाची पहिली ओळ वाचायचे. 'सुंदर', 'उत्तम', 'सहकुटुंब पाहण्यासारखा' असं काही दिसलं की पान राहायचं. 'भिकार', 'कंटाळवाणा' दिसलं की पट्टी लावून टर्रकन फाडायचे. दुसरी ओळ त्यांनी वाचलेली मला आठवत नाही. साहेब मनाने वाईट नव्हते. आल्यागेल्याला वहीत चांगलंच दिसावं, एवढाच त्यांचा हेतू असायचा. पण ज्याचं अंग फाटतं त्याला हेतू कळून काय उपयोग?

फाडलेली पानं वाया जात नसत. ती खिडकीत बसणाऱ्या ताईला मिळायची. "हे घे तुझे पाठकोरे," असं म्हणून साहेब ती आत सरकवायचे. पाठकोरा म्हणजे एका बाजूने वापरलेला आणि पाठीमागे कोरा असलेला कागद. ताई त्यांच्या कोऱ्या बाजूवर खुर्च्यांचे नंबर लिहायची, निरोप लिहायची. पुढच्या बाजूची कुरकुर ती कधी वाचत नसे. म्हणायची, "खिडकीतून ऐकते तेवढी पुरे आहे."

आता ताईबद्दल सांगायला हवं. वरच्या केबिनमध्ये मशीन चालवणारा ऑपरेटर हा तिचा बाप. रिळं जोडणं, फिल्म सांधणं, आवाज लावणं हे सगळं तिला त्यानेच शिकवलं. डब्यांवरच्या चिठ्ठ्या लिहायला लावून अक्षरही त्यानेच वळवलं. दोघं एकाच डब्यातलं जेवायची. मग एका रविवारी, भरलेल्या खेळात, ताईने सांधलेली फिल्म तुटली. पडदा पांढरा पडला, शिट्ट्या झाल्या, लोक बाहेर आले. ऑपरेटर जिन्यावरून खाली आला आणि सगळ्यांच्या देखत त्याने मुलीच्या थोबाडीत मारली. त्याचा हात मुळात जड. तो आवाज मी ऐकला आहे. त्या दिवशी एका प्रेक्षकाने माझ्यात लिहिलं होतं, 'फिल्म तुटली तर तुटली. मुलीला मारायला नको होतं.' गुरुवारी ते पान गेलं.

ताई त्यानंतर केबिनमध्ये चढली नाही. तिने खिडकीतलं काम मागून घेतलं आणि मावशीकडे राहायला गेली. तीन वर्षं ती बापाशी फक्त टेलिफोनवर बोलायची आणि तेही एकच वाक्य : "ऑपरेटर, घंटा झाली." बाबा हा शब्द तिने खिडकीबाहेर पडू दिला नाही. तोही तिकडून "बरं" म्हणायचा. एका छपराखाली दोन माणसं इतकी लांब राहू शकतात, हे मला तोवर माहीत नव्हतं.

मी पाच वर्षांची असताना तो जपानी चित्रपट आला. गुन्हेगारीचा होता, फक्त मोठ्यांसाठी, तेव्हा तुम्ही तो पाहिला नसेलच. त्याच आठवड्यात ताईला दुसऱ्या गावच्या मोठ्या चित्रपटगृहात नोकरी लागल्याचं कळलं. केबिनमधली, मशीनवरची. शनिवारी निघायचं होतं. बापाला साहेबांकडून कळलं. तो "बरं" म्हणाला.

एरवी आठवड्याला मला एक-दोन अभिप्राय मिळायचे. या चित्रपटाने मला श्वास घ्यायला वेळ दिला नाही. पहिल्याने लिहिलं, 'पहिल्या वीस मिनिटांत सात माणसे मरतात.' पुढच्याने लिहिलं, 'सात नव्हे, नऊ. मी मोजली.' अर्धे लोक त्या वीस मिनिटांतच उठून बाहेर यायचे आणि मला पान उलटायलाही न देता खरडायचे. जे शेवटपर्यंत बसायचे, ते मात्र बाहेर येऊन माझ्यासमोर नुसते उभे राहायचे. पेन हातात घ्यायचे, ठेवायचे, पुन्हा घ्यायचे.

त्यांच्या लिहिण्यातून मला गोष्ट कळली ती अशी. टोळीसाठी माणसं मारणारा एक जण असतो. टोळीचा एक पोरगा पळून जातो. तो आज ना उद्या आईला भेटायला येईलच, म्हणून या मारेकऱ्याला त्या आईच्या घरी बसवतात : पोरगा आला की संपव. म्हातारीला नीट दिसत नाही. हा रोज दाराशी बसून वाट पाहतो आणि बसल्या बसल्या तिची नखं कापून देऊ लागतो. म्हातारीला सगळं समजलेलं असतं, तरी ती जेवायला दोन वाडगे मांडते. शेवटी पोरगा येतो आणि मारेकरी त्याला जाऊ देतो. टोळीचे लोक येतात तेव्हा दारात स्वतः उभा राहतो. सगळं झाल्यावर म्हातारी चाचपडत त्याचा हात हातात घेते. त्याची नखं वाढलेली असतात. ती कापायला बसते.

एका खाटकाने लिहिलं होतं, 'रक्त इतका वेळ इतके लाल राहत नाही, हे कळवावे. पण नख कापताना तो श्वास रोखतो, ते शंभर टक्के खरे. मी आईची नखे तशीच कापतो.' एका बाईंनी लिहिलं, 'मी निम्मा चित्रपट डोळे मिटून पाहिला. हे शेजारून सांगत होते, मीट, उघड, मीट. शेवटी मी विचारले, आता उघडू का, तर हे काही बोलेचनात. बघते तर यांचेच डोळे भरलेले.' एकाची तक्रार होती, की खालची भाषांतराची अक्षरं फार भरभर पळतात. त्याच पानावर तळाशी होतं, 'शेवटची दहा मिनिटे वाचायला काहीच नव्हते, आणि मला सगळे समजले.' एका निवृत्त शिक्षिकेने आधी सगळ्यांचे ऱ्हस्वदीर्घ सुधारले आणि मग स्वतः लिहिलं, 'उद्या बहिणीला घेऊन येते. पाच वर्षे आम्ही बोललो नाही.' आणि खरंच आली.

मित्रांनो, न पाहिलेल्या त्या चित्रपटावर माझा जीव जडला. एवढी मारामारी करून एवढं हळवं कसं होता येतं, हे मला कळत नव्हतं. पण इतकी वेगवेगळी माणसं खोटं कशाला लिहितील?

बुधवारी सकाळचा खेळ सुटला. व्हरांडा रिकामा झाला. ताई चहा प्यायला गेली होती. तेव्हा जिन्यावर पावलं वाजली आणि ऑपरेटर माझ्यासमोर येऊन उभा राहिला. पाच वर्षांत पहिल्यांदाच. त्याने पेन असं दाबून धरलं, की मला खालच्या पानापर्यंत कळ गेली. त्याने लिहिलं :

'चित्रपट वाईट आहे. एवढी मारामारी दाखवण्याची गरज नव्हती. मी अठरा वेळा पाहिला, कारण मला पाहावाच लागतो. एकच हात माणसे मारतो आणि नखेही कापतो. म्हातारीला त्या हाताची भीती कशी वाटत नाही, हे मला समजत नव्हते. दहाव्या खेळाला समजले. त्याने तिला कधी मारलेले नाही. मी मारले आहे. एकदाच. पण ज्याला लागते त्याला एकदा पुरते. मला माफी मागता येत नाही. त्या माणसालाही येत नाही, तरी म्हातारी त्याचा हात धरते. हे फक्त चित्रपटात होते, असे दिग्दर्शकास कळवावे. माझा डावा हात मशीनच्या दिव्याने भाजल्यापासून आखडला आहे. त्यामुळे उजव्या हाताची नखे कापता येत नाहीत. ती दातांनी तोडतो. – वरच्या केबिनमधला.'

गुरुवारी साहेब पट्टी घेऊन आले. पहिली ओळ वाचली : चित्रपट वाईट आहे. मला ओरडावंसं वाटलं, साहेब, खाली वाचा, एकच ओळ खाली या. पण वहीला कुठलं तोंड? टर्र. माझ्या शिवणीपाशी नुसती कड राहिली. "हे घे तुझे पाठकोरे," साहेब म्हणाले. "आता दोनच दिवस, मग ते नव्या मुलीला." ताईने गठ्ठा न बघता बाजूला ठेवला.

शुक्रवारी दुपारी ती नव्या मुलीसाठी सूचना लिहायला बसली. वरचाच कागद ओढला. कोरी बाजू वर केली. 'खिडकीची कडी उचलून मग ढकलावी,' एवढं लिहिलं आणि तिचं पेन अडखळलं. कागद पाठीमागून खडबडीत लागत होता. इतकं दाबून लिहिणारा माणूस तिला एकच माहीत होता. तिने बोटांनी तो कागद चाचपला, मग उलटा केला. खिडकीपुढे माणसं उभी होती. "ताई, दोन द्या ना," कुणीतरी म्हणालं. ताईने मान वर केली नाही. शेवटच्या ओळीपर्यंत वाचून झाल्यावरच तिने तिकिटं दिली, आणि तीही चुकून तीन दिली.

दुपारचा खेळ सुटला. ताईने टेलिफोन उचलला. मला वाटलं, ते नेहमीचंच वाक्य. ती म्हणाली, "बाबा, खाली या. येताना घाई करू नका, जिना ओला आहे."

तो आला. माझ्या टेबलाजवळच्या बाकावर बसला. ताईने पर्समधून नेलकटर काढलं.

"हात द्या," ती म्हणाली.

त्याने डावा पुढे केला.

"तो नाही. उजवा."

त्याने डावा मागे घेतला. मग त्याने उजवा हात तिच्या गुडघ्यावर ठेवला. तोच हात होता. ताईने श्वास रोखला आणि अंगठ्यापासून सुरुवात केली. "दातांनी तोडू नका हो," एवढंच ती म्हणाली. तो "बरं" म्हणाला, पण हे "बरं" वेगळं होतं. तिसऱ्या बोटाला तो रडायला लागला. तिने बोट सोडलं नाही.

शनिवारी ताई गेली. नोकरी तिने सोडली नाही आणि त्यानेही तिला थांब म्हटलं नाही. निघताना फिल्म सांधायची स्वतःची कात्री त्याने तिच्या सामानात घातली. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी ती येते आणि नेलकटर आणते, असं मी नंतर कित्येक वर्षं पाहिलं.

जायच्या आधी तिने माझ्यातही लिहिलं. फाडलेल्या पानाच्या खालचं पान खडबडीत म्हणून लोकांनी कोरंच सोडलं होतं, तेच तिने निवडलं. त्यावर बापाच्या अक्षरांचे वळ उमटलेले होते. त्या वळांवरूनच तिने लिहिलं, 'चित्रपट पाहिला नाही. पाहण्याची गरज उरली नाही. ऑपरेटरची नखे कापली. दहाही.'

पुढच्या गुरुवारी साहेब आले. पहिली ओळ वाचली : चित्रपट पाहिला नाही. पट्टी लावली. मी अंग आवळून घेतलं. आणि मग, कोण जाणे का, त्यांची नजर खाली घसरली. त्यांनी ते पान वाचलं, पुन्हा वाचलं, केबिनच्या जिन्याकडे पाहिलं. पट्टी खिशात घातली आणि निघून गेले. त्यानंतर माझं एकही पान फाटलं नाही.

आज मी भरून गेले आहे. रिळांच्या रिकाम्या डब्यांबरोबर कपाटात पडून असते. कसर लागली आहे, निळं कापड विटलं आहे, आणि महिनोन्महिने मला कुणी उघडत नाही. पण मित्रांनो, कधी तुमच्या हाती आले, तर माझी एवढीच विनवणी आहे. पहिल्या ओळीवर मला मिटू नका. काही माणसांना चांगलं बोलायला वेळ लागतो, ती आधी वाईट तेच लिहितात. आणि ते पान सापडलं, तर ते डोळ्यांनी वाचू नका. त्यावरून बोट फिरवा. ताईच्या अक्षरांखाली तिचा बाप अजून लागतो.