आतली कडी

"मिस्त्री, आधी इकडे या! ती कडी लावून बसलीय!"

मेट्रनबाईंनी जिन्याच्या तोंडाशी उभं राहून अशी काही हाक मारली की शिडीवर चढलेला मिस्त्री पडता पडता वाचला. हातात ऑफिसच्या पंख्याचं पातं, तोंडात दोन स्क्रू. त्याने स्क्रू काढून खिशात टाकले. सकाळपासून हे तिसरं लचांड. आधी गच्चीवरची टाकी वाहिली, मग कुणीतरी रागाच्या भरात बेसिनचा नळ उपटला, आणि आता हे.

"लावली तर लावली. लावायलाच दिलीय ना ती?" तो उतरता उतरता म्हणाला.

"अहो, आज घरी जायचंय तिला! वडील सह्या करून बसलेत, डॉक्टरबाई बाहेर मीटिंगला, आणि ही म्हणते, मी जाणार नाही. तुमचं ते नाणं घ्या आणि चला वर."

तेरा ते अठरा वयाची, मनाने पार विस्कटलेली मुलंमुली या संस्थेत तीन महिने, सहा महिने राहायला येत. मिस्त्री इथे बावीस वर्षं होता. कागदावर त्याचं काम दुरुस्तीचं. खरं काम काढून टाकण्याचं. खोल्यांच्या कड्या त्याने काढल्या, न्हाणीघरांच्या काढल्या, कपाटांच्यासुद्धा काढल्या. साऱ्या इमारतीत आतून कडी लागेल अशी खोली एकच, वरच्या मजल्यावर टोकाला. ज्याची घरी जायची वेळ आली, त्याला शेवटचे आठ दिवस ती खोली मिळे. तिची कडी मिस्त्रीने स्वतः घडवलेली होती. बाहेरून तिला एक खाच होती. त्या खाचेत नाणं घालून फिरवलं की कडी उघडायची. नियमही त्याचाच. आधी ठोठवायचं, विचारायचं. उत्तर आलं तर कडीला हात लावायचा नाही. उत्तर नाही आलं तरच नाणं.

आणि या कडीवाल्या मिस्त्रीच्या स्वतःच्या घरी न्हाणीघराची कडी तीन वर्षं तुटलेली होती. बायको दाराला आतून बादली लावून मोठमोठ्याने गात आंघोळ करायची. आज सकाळी तिने निर्वाणीचं सांगितलं होतं, "कडी आणा, नाहीतर उद्यापासून मी आंघोळीला बहिणीकडे जाते." तेव्हा कामावर येताना त्याने निमूटपणे कडी घेतली होती. खाचेचीच, हल्ली बाजारात तयार मिळते तसली. ती त्याच्या खांद्यावरच्या पिशवीत होती.

वरच्या दारापाशी तो थांबला आणि बोटाने टकटक केली. "वकीलबाई, मी मिस्त्री. ठीक आहेस ना?"

मुलांची खरी नावं बाहेर घ्यायची नाहीत, हा इथला दंडक. म्हणून मिस्त्री प्रत्येकाला टोपणनाव ठेवायचा. ही नववीतली मुलगी आल्या दिवशीच त्याच्याशी तासभर भांडली होती, की पेन्सिल मिळते तर शार्पनर का नाही.

"ठीक आहे," आतून उत्तर आलं. "पण उघडणार नाही. उत्तर आलं की नाणं नाही. तुम्हीच सांगितलंय."

"बघा!" मेट्रनबाई म्हणाल्या.

"काय बघा? बरोबर बोलतेय ती."

तेवढ्यात मुलीचे वडील धावत वर आले. पॉलिश केलेले बूट, घामाने भिजलेला शर्ट. बंद दार पाहिलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"उघडा! उघडा ना लवकर! काय बघत उभे राहिलात?"

"ती बोलतेय साहेब आतून. घाबरू नका. झालं काय एवढं?"

"काही नाही हो! मी फक्त सांगितलं, घर तयार ठेवलंय म्हणून. तिच्या खोलीचं दारच काढून टाकलं. न्हाणीघराची कडीपण काढली. पडदा लावलाय, तिच्या आवडीचा, निळा. इथल्यासारखंच केलं सगळं! इथे चालतं ना?"

मिस्त्रीला वाटलं, पंख्याचं पातं स्वतःच्याच डोक्यात मारून घ्यावं. बाप केवढा अभिमानाने सांगत होता!

"सहा महिने!" आतून आवाज चढला. "रोज गोळी घेतली, ग्रुपमध्ये सगळ्यांसमोर बोलले, नको नको ते सगळं बोलले. ही खोली मिळावी म्हणून! आणि घरी काय, तर पडदा? मी इथेच राहते."

"कसं राहशील? सोमवारी ही खोली दुसऱ्याला द्यायचीय!" मेट्रनबाई कळवळून म्हणाल्या.

"बाई, तुम्ही जरा गप्प बसता का?" मिस्त्री वैतागून म्हणाला. मग बापाकडे वळला. "आणि साहेब, तुम्हीपण! अहो, आम्ही इथे मुलांना कडीपर्यंत आणायचं आणि तुम्ही दार उचलून माळ्यावर टाकायचं?"

बापाने उजवा हात उचलायचा प्रयत्न केला. तो खांद्यापर्यंतही गेला नाही.

"मी याच खांद्याने तिच्या खोलीचं दार फोडलंय, मिस्त्री," तो हळू आवाजात म्हणाला. "मी हाका मारत होतो आणि आतून आवाज येत नव्हता. तुम्ही सांगता कडी लावा. पुन्हा आवाज आला नाही तर?"

मिस्त्रीचा राग जागच्या जागी बसला, आणि त्याचाच त्याला जास्त राग आला. एकाचं चुकत असतं तर दोन शब्द सुनावून मोकळं होता आलं असतं. इथे पोरीचंही खरं आणि बापाचंही खरं. डॉक्टरबाईंनी दहा पानांचा फॉर्म दिला होता, गोळ्या कधी, झोप किती, फोन किती. दाराचं काय करायचं, ते त्यात कुणी लिहिलं नव्हतं.

त्याने खिशातलं नाणं काढून बापाच्या हातावर ठेवलं.

"हे धरा. आता तुम्ही हवं तेव्हा दार उघडू शकता. पण आधी ठोठवा, विचारा आणि थांबा."

बापाने तळव्याने दार धडाधडा वाजवलं. "उघड!"

"असं नाही हो! पोलीस आहात का? एका बोटाने."

बापाने बोट वाकवलं. टक टक.

"कोण?"

"मी... बाबा."

"काय काम आहे?"

बाप गोंधळून मिस्त्रीकडे बघायला लागला. मिस्त्रीने हातानेच सांगितलं, माझ्याकडे काय बघता, तिला सांगा.

"काम काही नाही," बाप म्हणाला. "तू आहेस ना, एवढंच."

आतून काहीच आलं नाही. बापाने नाणं घट्ट धरलं. त्याचा हात खाचेकडे गेला. मिस्त्रीने मनगट पकडलं नाही.

"आहे," आतून आवाज आला. ती रडत होती.

बापाने हात खाली घेतला. "दार परत बसवलं तर येशील?"

"कडीसकट?"

"कडीसकट. फक्त... जुनी मी तोडली गं."

मिस्त्रीने सुस्कारा टाकून पिशवीतून पुडकं काढलं.

"स्टोअरमधून घेतलीत?" मेट्रनबाईंनी डोळे वटारले. "नोंद?"

"स्टोअरची नाही. माझ्या बायकोची आहे."

खट्ट करून कडी निघाली. नाक पुसत वकीलबाई बाहेर आली, तिने पुडकं हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि म्हणाली, "स्क्रू चार हवेत. यात तीनच आहेत." मिस्त्रीने निमूटपणे पंख्याचा एक स्क्रू काढून दिला.

जाताना बाप नाणं परत करायला लागला. मिस्त्री म्हणाला, "राहू द्या. पण नियम लक्षात ठेवा."

त्या संध्याकाळी बायकोने विचारलं, "कडी?" त्याने सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती बहिणीकडे गेली नाही, पण आंघोळीला तिने असा काही वरचा सूर लावला की शेजारच्यांनी खिडक्या लावून घेतल्या.

तीन आठवड्यांनी ऑफिसच्या फोनवर मिस्त्रीला बोलावणं आलं. पलीकडे बाप होता.

"बसवली. एका हाताने बसवली, चार दिवस लागले. तिरकी झालीय. जरा अडकते, फार वाजते."

"मग तेल घाला ना! दोन थेंब. एवढ्यासाठी फोन?" मिस्त्री करवादला.

"नको."

"नको म्हणजे?"

"सकाळी ती उठली की कडी काढते. तो आवाज आमच्या स्वयंपाकघरापर्यंत येतो. तो ऐकला की मी बूट घालतो, कामाला निघतो."

"आणि ऐकू येईपर्यंत?"

"बसून राहतो. नाणं असतं हातात. अजून लागलं नाही."

मिस्त्री फोनची वायर बोटाला गुंडाळत उभा राहिला.

"बरं," तो म्हणाला. "वाजू दे मग."

"काय म्हणत होते?" मेट्रनबाईंनी विचारलं.

"काही नाही. कडी वाजते म्हणतात," मिस्त्री म्हणाला, आणि शिडी उचलून तीन स्क्रूंवर डुगडुगणाऱ्या पंख्याखाली लावायला गेला.