अठ्ठ्याण्णव पूर्णांक चार

कर्करोगामुळे काढलेल्या डाव्या स्तनाच्या जागी इम्प्लांट बसवून रेवतीला बारा दिवस झाले होते. एकदा टाके दाखवायला जाऊन आली, तेवढे सोडले तर ती मुलुंडच्या आपल्या दोन खोल्यांतच होती. सोबतीला नवरा हर्षद आणि फ्रिजच्या दारावर त्याने पट्टीने आखून चिकटवलेला तक्ता. सकाळी आठ, संध्याकाळी आठ; ताप आणि जखमेचा रंग. जखम मात्र ती त्याला पाहू देत नसे. रंग तोंडी सांगे.

नवव्या दिवशी तेथली त्वचा लाल झाली आणि हाताला गरम लागू लागली. अशा वेळी तात्काळ यावे, असे रुग्णालयाच्या कागदावर लिहिले होते. त्याखालीच, संसर्ग आटोक्यात न आल्यास इम्प्लांट काढावे लागेल, असेही लिहिले होते. एकदा गमावलेले दुसऱ्यांदा गमावण्याची तिची तयारी नव्हती. ती सात वाजता तापाची गोळी घेऊ लागली आणि आठला थर्मामीटर जिभेखाली धरून निमूट बसू लागली.

"अठ्ठ्याण्णव पूर्णांक चार," हर्षद लिहिताना म्हणे. "रंग?"

"नेहमीचा. शाळेत मॉनिटर होतास ना रे तू?"

"दोन वर्षं. बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायचो."

ती हसे. प्रत्येक नव्या आकड्याबरोबर खरे सांगणे अधिक अवघड होत होते. आता आधीचेही खोटे ठरले असते.

बाराव्या दिवशी दुपारी तिला हुडहुडी भरली. हर्षद थर्मामीटर घेऊन आला. तिने ओठ मिटून घेतले.

"आठ कुठे वाजलेत अजून?"

त्याने खरोखरच घड्याळाकडे पाहिले. मग म्हणाला, "तोंड उघड."

एकशे दोन.

रुग्णालयात तो डॉक्टर मृणालिनींशी वाद घालू लागला. "आज सुरू झालंय, मॅडम. सकाळपर्यंत एक रेघ इकडची तिकडे नाही. हा तक्ता बघा."

"तक्ता छान आहे. पण मला यांच्याकडून ऐकायचंय." त्या पलंगावर टेकल्या. "आजचंच असेल, तर शिरेतून औषध देऊन वाट बघता येईल. जुनं असेल, तर आत्ताच उघडून धुवावं लागेल. मी काय धरू?"

"सांग ना गं," हर्षद म्हणाला. "आजचंच आहे ना?"

होय म्हटले असते तर निदान उद्यापर्यंत इम्प्लांट तिच्याजवळ राहिले असते. कदाचित विषही रक्तात भिनले असते. दोन्ही बाजूंनी दोघे तिच्या तोंडाकडे पाहत होते.

"तीन दिवस झाले," ती म्हणाली. "मी आधी गोळी घेत होते."

हर्षदने पुढे धरलेला तक्ता खाली घेतला. डॉक्टरांनी सिस्टरना शस्त्रक्रियागृह तयार ठेवायला सांगितले.

"वाचेल?" रेवतीने विचारले.

"उघडल्यावर कळेल."

सिस्टरनी संमतिपत्र पुढे धरले. जखम धुणे आणि आवश्यक वाटल्यास इम्प्लांट काढणे, असे त्यात एकाच वाक्यात लिहिले होते. सहीची जागा एकच होती. सुई टोचलेला हात सांभाळत तिने सही केली.