कौशल्याबाईंच्या झडपेचे माप

मित्रांनो, आदिलाबादच्या एका रुग्णालयात, शिशाचे अस्तर लावलेल्या खोलीत माझा वास आहे. मी एक जुने सीटी स्कॅन यंत्र. मी आले तेव्हा नारळ फुटला, झेंडूची माळ चढली. पुढे इचोड्याच्या महामार्गावरील अपघातग्रस्तांच्या मस्तकांची चित्रे काढता काढता ते कौतुक ओसरले. माझ्या पंख्यांत कापसाचे तंतू साचले, तरी कोणी पाहीना. परंतु हृदयाच्या ठोक्याशी ताल साधून चित्र टिपण्याची विद्या माझ्या ठायी होती.

नेरडीगोंड्याच्या कौशल्याबाई आल्या आणि त्या विद्येची कसोटी लागली. त्यांच्या हृदयाची एक झडप क्षार साचून चुनखडीसारखी कठीण झाली होती. छाती न उघडता, मांडीच्या रक्तवाहिनीतून नळी नेऊन तिथे नवी झडप बसवायची होती. माप चुकले, तर जीवावर बेतणार. ते माप माझ्या चित्रांवरून ठरायचे होते. आणि मूत्रपिंडे दुबळी असल्याने चित्रासाठी लागणारे रंगद्रव्य एकदाच देता येणार होते.

तंत्रज्ञ रंजीताने आधी श्वास रोखण्याचा नुसता सराव घेतला. माझ्यातून आवाज उमटला, "कृपया श्वास रोखून धरा."

"हो जी," कौशल्याबाई उत्तरल्या, आणि श्वास सुटला. दुसऱ्यांदाही तेच.

"मावशी, बोलू नका ना!"

"काऊन? आतून बाई इतक्या अदबीनं सांगून राह्यल्या, अन् आपण मुक्यावानी पडाचं?"

रंजीताला हसू आवरेना. "मावशी, थो आवाज माहाच हाय. मीच मशीनीत भरला."

"अवो, मंग आधी सांगाचं ना! तुले कायले जी म्हणू?"

रंगद्रव्य शिरेत गेले. आवाज उमटला. कौशल्याबाई निश्चल राहिल्या, जणू साधकाचा कुंभक. मी त्या हृदयाला प्रदक्षिणा घातली.

झडप बसवणाऱ्या डॉक्टर व्यंकटेशांनी चित्रे न्याहाळली. आधीच्या तपासणीत लहान वाटलेले झडपेचे कडे लंबगोल आणि बरेच मोठे निघाले. "आधीच्या अंदाजानं झडप बसवली असती, तर कडेनं रक्त गळत राहिलं असतं," ते म्हणाले, आणि मोठी झडप मागवली. माझी चित्रे समोर ठेवूनच ती बसवली गेली. कोठे गळती नाही. कौशल्याबाई आज आपल्या पायांनी ज्वारीच्या शेतात जातात.

मित्रांनो, माझे मागणे एवढेच. घरची आजी अंगण ओलांडताना दम खाऊ लागली, तर तिला वयाच्या स्वाधीन करू नका. हाताला धरून डॉक्टरांकडे आणा. माप घ्यायला मी सिद्ध आहे.