संघात संक्रमण

"तुमच्या टीमले काय झालं, भाऊ?" बेसा वस्तीतल्या आपल्या घराच्या दारातच शोभाताईंनी विचारलं आणि मधुकररावांपुढे पेपर धरला. मथळा होता, ‘महिला बास्केटबॉल संघाला संक्रमणाचा विळखा’.

मधुकरराव तीस वर्षं क्लबचे गुणलेखक. सामन्याची बातमीही तेच हाताने लिहून पेपरात पोचवत. जड शब्दांची त्यांना भारी हौस. यंदा संघातल्या पाच अनुभवी मुली रेल्वेत नोकरीला लागल्या आणि पेपरवाले ‘सुवर्णकाळ संपला’ म्हणून मोकळे झाले. नव्या पोरींची कुणीतरी बाजू घ्यायला हवी, म्हणून मधुकररावांनी झोकात लिहिलं, ‘संघ संक्रमणातून जात आहे.’ पेपरातल्या कुणा शहाण्याला करोना आठवला. सकाळपासून आयांनी मुली घरात कोंडून ठेवल्या होत्या. सामना पाचला, आणि मैदानावर चारच जणी. पाचवी आली नाही तर न खेळताच संघ बाद होणार होता. पोरींची ही पहिलीच स्पर्धा होती.

"बीमारी नाही हो ताई. संक्रमण म्हंजे बदल. जुन्या गेल्या, नव्या येऊन राहिल्या."

"मंग तसंच काहून नाही लिहिलं?"

इतक्या वर्षांत त्यांना हे कुणी विचारलंच नव्हतं.

"चुकलंच माझं," ते म्हणाले.

शोभाताईंनी आत पाहिलं. त्यांची मुलगी भूमिका बुटांच्या नाड्या बांधूनच बसली होती. "जाय," त्या म्हणाल्या. "पण नुसती खोकली जरी, तं मले फोन करजा, भाऊ."

पाचला सात मिनिटं कमी असताना भूमिकाला घेऊन मधुकररावांची स्कूटर मैदानात शिरली. पाच जणी पूर्ण चाळीस मिनिटं खेळल्या. दम खायला बाहेर बसावं तर बदली खेळाडूच नव्हती. एकतीस गुणांनी हरल्या. शेवटच्या मिनिटाला भूमिकाने लांबून टाकलेला बॉल जाळीत पडला, तेव्हा ते तीन गुण लिहिताना मधुकररावांचे डोळे भरून आले.

"काका, आता काय लिहून राहिले?" भूमिकाने घाम पुसत विचारलं.

"पाचही जणी आल्या. पाचही जणी शेवटपर्यंत खेळल्या."

"बस?"

"बस."

दुसऱ्या दिवशी पेपरात त्यांची वाक्यं नव्हतीच, पेपरवाल्यांची एकच ओळ होती, ‘संक्रमित संघ पराभूत’. मधुकररावांनी ते कात्रण नेहमीसारखं वहीत चिकटवलं. ‘संक्रमित’वर रेघ मारली. खाली सुवाच्य अक्षरात पाच नावं लिहिली, आणि त्या नावांना एकही जड शब्द जोडला नाही.