दोनशे सदतीस नंबरचं बिल

त्या दिवशी लीलाधर आबा जेवून उठले होते आणि दिवाणखान्यात पान लावत बसले होते. आत त्यांची बायको यशोदाबाई सुनेला ताकाला फोडणी द्यायला सांगत होत्या. पोस्टमन आला, 'सेठ, टेलिफोनचं' म्हणाला आणि पाकीट देऊन गेला.

आबांचा सरकी-ढेपेचा धंदा. फोनसाठी त्यांनी सात वर्षं वाट पाहिली होती. नंबर मिळाला तेव्हा मुलगा प्रकाश हयात होता. त्यानेच तिपाई आणली आणि कुंदाने, त्याच्या बायकोने, फोनवर घालायला क्रोशाचा रुमाल विणला. पुढे दोन वर्षांनी प्रकाश आग्रा रोडवर ट्रकखाली गेला. कुंदा तेव्हा चोवीस वर्षांची होती. मूलबाळ नव्हतं. ती सासरीच राहिली, पहाटे उठायची, सगळं घर ओढायची आणि पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन बसायची.

आबांनी पाकीट फोडलं. दर खेपेला तीनशे-साडेतीनशे यायचे. या वेळी चार हजार आठशे होते.

दुसऱ्याच दिवशी ते गावातल्या टेलिफोन कचेरीत गेले. खिडकीमागच्या कारकुनाने बिल उलटंपालटं करून पाहिलं.

"एसटीडी झालंय, सेठ. बाहेरगावी बोललंय कुणीतरी."

"अहो, आम्ही बोललोच नाही. कुठं बोललो त्याची यादी तरी द्या."

"यादी नसते. मीटरचे आकडे असतात. मीटर काही खोटं बोलत नाही." कारकून हसला. "घरात विचारा ना! दुपारी घरी कोण असतं?"

आबा पायऱ्या उतरले, पण तो प्रश्न काही केल्या पाठ सोडेना. दुपारी घरी कोण असतं? यशोदाबाई भजनाला जातात. आपण दुकानात. मग उरतं कोण?

घरी आल्यावर त्यांनी काही विचारलं नाही. बाजारातून एक चिमुकलं पितळी कुलूप आणलं, फोनच्या तबकडीच्या भोकात अडकवलं आणि किल्ली करगोट्याला बांधली. कुंदा दारात उभी राहून बघत होती. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. ती एवढंच बोलली, "आबा, माले फोन करानं कोन शे?" मला फोन करायला आहे कोण? आबांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

दोन महिन्यांनी पुन्हा बिल आलं. पाच हजार सहाशे.

आबा कचेरीत तावातावाने बोलले. "कुलूप लावलंय हो मी फोनला! आता बोला."

कारकून जागचा हलला नाही. "कुलपानं काय होतं? रिसिव्हर ठेवतात त्या बटणावर टपटप केलं तरी नंबर लागतो. शिकलेल्या पोरींना सगळं येतं, सेठ. आधी पैसे भरा, मग अर्ज करा. नाहीतर लाइन कापू."

रांगेत मागे उभे असलेले दोघे हसले. त्या हसण्याने आबांच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. कुंदा बारावी शिकलेली होती. त्यांनी पैसे भरले, अर्जाचा कागद मात्र न भरताच खिशात कोंबला आणि थेट रतिलालभाऊंकडे गेले. रतिलालभाऊ म्हणजे समाजातले जाणते. लग्न जुळवायचं असो की भाऊबंदकी मिटवायची, त्यांना विचारल्याशिवाय पान हलत नसे.

रविवारी दुपारी आबांच्या दिवाणखान्यात बैठक बसली. समाजातले सात-आठ जण होते. कुंदाच्या वडिलांना, उखर्डू नानांना, सोनगीरहून बोलावून घेतलं होतं. ते दाराजवळ टोपी हातात घेऊन बसले होते. आपल्याला का बोलावलंय ते त्यांना इथे आल्यावरच कळलं.

कुंदाला बाहेर बोलावण्यात आलं. रतिलालभाऊंनी भिंतीवरचा प्रकाशचा फोटो उतरवून तिच्यापुढे ठेवला.

"यावर हात ठेव, पोरी. खरं सांग, कोनशी बोलस तू?"

तिने हात ठेवला. ती स्पष्ट आवाजात म्हणाली, "यास्नी शप्पथ. मी कोनलेच फोन करेल नही."

मग कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "मरेल मानूसनी शप्पथ खावाले काय लागस?"

त्या वाक्यावर आबांनी मान वर केली असती तर गोष्ट तिथेच थांबली असती. यशोदाबाई पदर तोंडाशी धरून त्यांच्याकडे बघत होत्या. कुंदाही बघत होती. आबांनी मान वर केली नाही. ते सतरंजीच्या दशा मोजत राहिले.

उखर्डू नाना उठले. "चाल, बेटा," एवढंच म्हणाले. संध्याकाळच्या एसटीने बापलेक सोनगीरला गेले. तिची पेटी जाताना यशोदाबाईंनी उघडून पाहिली होती. आबांनी तेही पाहिलं होतं.

त्यानंतर घराला एक विचित्र शांतता आली. यशोदाबाई भाकरी थापताना मध्येच थांबायच्या. आबा दुकानातून उशिरा यायचे. गावात चर्चा झाली आणि विरली. लोकांच्या दृष्टीने निकाल लागला होता.

मग तिसरं बिल आलं. सहा हजार दोनशे.

आबांनी आकडा वाचला, तारखा वाचल्या. या बिलातले पहिले काही दिवस सोडले तर कुंदा घरात नव्हतीच. घरात दोन म्हातारी माणसं, फोनला कुलूप, किल्ली कमरेला. त्यांनी पाकीट पुन्हा बंद केलं आणि बंडीच्या आतल्या खिशात ठेवलं. "कसानं शे?" यशोदाबाईंनी विचारलं. "दुकाननं," ते म्हणाले. दोन दिवस तो कागद त्यांनी छातीशी लपवून वागवला. चोरीचा माल बाळगावा तसा.

तिसऱ्या दिवशी ते कुणाला न सांगता धुळ्याला वरच्या कचेरीत गेले. तिथे हिशेब तपासणारे नूर महंमद नावाचे एक वयस्क अधिकारी होते. त्यांनी आबांना खुर्ची दिली, पाणी मागवलं, तिन्ही बिलं शेजारी शेजारी मांडली आणि गावच्या मीटरच्या नोंदवहीची दप्तरातली नक्कल काढायला सांगितली. बोट ठेवत ठेवत ते खाली आले आणि एका जागी थांबले.

"तुमचा नंबर दोनशे सदतीस. दोनशे त्र्याहत्तर एका ट्रान्सपोर्टवाल्याचा आहे. रोज इंदूर, मुंबई. गेल्या सहा महिन्यांत आकडे लिहिणाऱ्यानं तीन आणि सातची अदलाबदल केलीय. त्याचं बिल तुम्हाला, तुमचं त्याला. तो कशाला तक्रार करेल?"

अर्धा तासही लागला नव्हता.

"जादा भरलेले पैसे पुढच्या बिलांत वळते होतील," नूर महंमद म्हणाले.

"साहेब," आबा पुढे वाकून म्हणाले, "हे लिहून मिळेल? चूक झाली म्हणून?"

"का नाही? चूक आमची आहे. कबूल करायला काय जातं?" त्यांनी तिथल्या तिथे पत्र टाइप करवून सही-शिक्का मारला. देताना सहज विचारलं, "सहा महिने म्हणजे घरात फार मनस्ताप झाला असेल?"

"नाही नाही," आबा म्हणाले. "तसं काही नाही."

बाहेर रस्त्यावर आल्यावर त्यांना स्वतःचीच शिसारी आली. एक परका माणूस, ज्याचा यात काही दोष नव्हता, तो 'चूक आमची' म्हणून मोकळा झाला होता. आणि आपण पुन्हा खोटंच बोललो.

तिथूनच त्यांनी सोनगीरची गाडी धरली.

उखर्डू नाना ओट्यावर बसले होते. त्यांनी 'या' म्हटलं नाही आणि 'जा'ही म्हटलं नाही. कुंदा पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. आबांनी पाणी न पिता पत्र पुढे केलं. आता कागदच काय ते बोलेल, असं त्यांना वाटत होतं.

तिने उभ्या उभ्या दोनदा वाचलं. घडी घालून परत दिलं.

"हाई तं ऑफिसनी चूक शे, आबा. तुमनी चूक कोठे लिखेल शे?"

आबांनी पत्र खिशात ठेवलं. "घर चाल, बेटा," ते कसेबसे म्हणाले. "तुनी सासू वाट दखी ऱ्हायनी."

"मी त्यास्ना फोटोवर हात ठेवा. बठ्ठा लोके बसेल व्हतात. तुम्ही बी व्हतात." ती रडली नाही. "तवय तुम्ही बोलनात नही. आते अठे एकटामा काय बोलतस?"

आबा आले तसे परतले. रात्रभर नव्हे, तर पुढचा आख्खा आठवडा ते स्वतःशी झगडत होते. पैसे परत मिळणार, कारकुनाला समज मिळणार, गाव सगळं विसरलं आहे. मग कशाला उकरून काढायचं? हे असं मनाला समजावताना त्यांना स्वतःचाच आवाज खिडकीमागच्या कारकुनासारखा ऐकू यायचा.

शेवटी त्यांनी त्याच माणसांना, त्याच दिवाणखान्यात, रविवारीच बोलावलं. चहा होईपर्यंत कुणाला काही कळलं नाही. मग आबा उभे राहिले. पत्र वाचून दाखवलं.

"चला, सुटलं," रतिलालभाऊ म्हणाले. "पैसा वाचना. पोरगीले घर लई आना. पन आते घरनी गोष्ट घरमाच ऱ्हाऊ द्या, आबा."

"घरमा कशी ऱ्हाई, रतिलालभाऊ? तिले बाहेर तं आपनच आनं." आबांनी कागदाची घडी घातली. "मना प्रकाश जिता ऱ्हाता आनि हाई बिल येतं, तं मी कचेरीशी भांडतू. अर्ज करतू, धुळाले जातू. ती रांडाव व्हती. म्हनीसन मी कचेरीले सोडं आनि तिले धरं. तिनी शप्पथ खादी, तवय मी खाले दखत बसनू. हाई चूक मनी शे. कचेरीनी नही."

कुणी वर पाहिलं नाही. एकाने चप्पल शोधायला सुरुवात केली. रतिलालभाऊ 'काळजी घ्या' म्हणून उठले. पाच मिनिटांत खोली रिकामी झाली. यशोदाबाई मात्र स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर आल्या आणि खाली बसल्या. "तिनी पेटी मी उघाडी व्हती," त्या म्हणाल्या. "माले बी सोनगीर लई चाला."

दोघं गेली. यशोदाबाईंनी सुनेचे हात धरले, आबा बैठकीत काय बोलले ते आणि पेटीचं सांगितलं. कुंदाने ऐकून घेतलं, दोघांना चहा दिला, सासूच्या पाया पडली.

"बोलनात ते बरं करं," ती आबांना म्हणाली. "पन मी आते येत नही. धुळाले बालवाडी शिक्षिकास्ना वर्गले नाव टाकेल शे. जूनपाईन जासु."

"खर्च मी देस," आबा घाईघाईने म्हणाले.

"नको, आबा."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर त्यांना धरायला काहीतरी मिळालं असतं. एसटीच्या थांब्यापर्यंत ती दोघांना पोचवायला आली. वाटेत भेटलेल्या एका बाईने विचारलं, "पाव्हनं कोन शेतस वं?" कुंदा क्षणभर थांबली.

"वळखीना शेतस," ती म्हणाली. ओळखीचे आहेत.

गाडी आली. आबा खिडकीपाशी बसले आणि गाव मागे पडेपर्यंत त्यांनी मान खाली घातली नाही. ती वळून घराकडे चालू लागलेली त्यांनी शेवटपर्यंत पाहिली.