जिन्याच्या तोंडाशी सरकणारी मॅट

सकाळी चहाचं पाणी ठेवायच्या आधी नॉर्मन जिना चढून वर जायचा आणि गुडघे टेकून मॅट मागे ओढायचा. हॅलिफॅक्समधल्या त्यांच्या त्या दगडी घरात भिंतीपासून भिंतीपर्यंत, अगदी पायऱ्यांवरसुद्धा, मऊ गालिचा पक्का बसवलेला होता. त्यावर जिन्याच्या तोंडाशी ही जाड, खरखरीत मॅट. पण ती एका जागी राहील तर शपथ. गालिच्याचे धागे जिकडे झुकलेले, तिकडे ती पाय पडेल तशी सरकायची. म्हणजे नेमकी जिन्याकडे.

दुसऱ्या कुणाच्या घरात यानं काही बिघडलं नसतं. पण नॉर्मनच्या बायकोला, डोरीनला, समोरचं दिसेनासं झालं होतं. कडेकडेनं थोडा उजेड आणि मधोमध करडा डाग, एवढंच. घरात ती पायांनी बघायची. तळव्याला खरखर लागली की थांबायचं, कठडा धरायचा, मग पायरी उतरायची. मॅट पुढे सरकली की ती खरखर उशिरा लागणार, आणि तोवर तिचा पाय पायरीच्या कडेवर असणार.

त्यानं दोन्हीकडून चिकटणारी टेप लावून पाहिली. आठवडाभरात ती गालिच्याची लव घेऊन सुटली. मग रबराची जाळी आणून खाली अंथरली. त्यानं तर मॅटला सुरकुत्याच पडायला लागल्या.

"सारखा काय रांगतोस रे तिथे?" डोरीन अंथरुणातून ओरडायची.

"काही नाही गं. झाडतोय."

"या घरात तू कधी झाडलंयस?"

रविवारी त्यांची मुलगी हेझल जेवायला आली. मॅटच्या सुरकुतीत तिचा पाय अडकला आणि कठड्याला धरून ती कशीबशी सावरली.

"डॅड, कमाल आहे तुमची! आई पडायची वाट बघताय का?" ती म्हणाली. मग जेवणानंतर, आईबाबा टीव्हीसमोर पेंगत असताना, तिनं वरची मॅट गुंडाळली, गॅरेजमध्ये नेऊन टाकली आणि निघताना दारातून सांगितलं, "मी बंदोबस्त केलाय हं." कसला, ते अर्धवट झोपेतल्या नॉर्मनला कळलंच नाही.

संध्याकाळी डोरीन वर बाथरूममध्ये गेली. चढताना तिला कठडा पुरायचा; मॅट लागायची ती उतरतानाच. नॉर्मन स्वयंपाकघरात उरलेलं मटण कापत होता. सुरी धुवायला तो मागच्या खिडकीखालच्या सिंकशी गेला, आणि गॅरेजच्या अर्धवट उघड्या दारातून त्याला मॅटची गुंडाळी दिसली. वर बाथरूमचं दार उघडल्याचा आवाज त्याच वेळी आला.

"डोरीन! हलू नकोस!"

खुर्चीला धडकत तो जिन्यापाशी धावला आणि त्यानं वर पाहिलं. डोरीन जिन्याच्या अगदी तोंडाशी, गालिच्यावर बसलेली होती. एक पाय पहिल्या पायरीवर लोंबत होता. दोन्ही हातांनी ती आजूबाजूचा गालिचा चाचपत होती.

"पाय पुढे टाकला तर खाली काहीच नाही," ती म्हणाली. "मागच्या मागे बसले म्हणून वाचले. नॉर्मन, माझी मॅट कुठंय? माझ्याच घरात मी कुठं आहे, ते मला कळत नाहीये रे."

इतक्या वर्षांत तिला असं रडताना त्यानं क्वचितच पाहिलं होतं. तो तिच्या खालच्या पायरीवर बसला आणि तिचा पाय हातात धरून राहिला.

फोनवर हेझलही रडली. "मला वाटलं, मॅट काढली की धोका गेला."

"मला वाटलं, रोज मागे ओढली की गेला," नॉर्मन म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिघं मिळून गालिच्याच्या दुकानात गेली. दुकानातल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "ती जाळी लाकडी फरशीसाठी असते हो. गालिच्यावर मॅट घसरत नाही, पावलागणिक पुढे चालत जाते. तिला खालून धरणारं काहीतरी हवं." त्यांनी बुटांच्या पट्ट्याला असतो तसल्या वेल्क्रोची रुंद पट्टी दाखवली, नुसत्या काट्यांच्या बाजूची. हे काटे मॅटच्या खालून गालिच्याच्या लवेत रुततात. "पण चिकटवू नका, शिवा. डिंक सुटतो."

"शिवते मी," डोरीन म्हणाली. "शिवायला डोळे लागत नाहीत. सुई तेवढी ओवून द्या."

सुया हेझलनं ओवून दिल्या. डोरीननं बोटांनी चाचपत चारी कडांना आणि मधून आडव्या पट्ट्या शिवल्या. दोनदा बोटाला सुई टोचली, दोन्ही वेळा शिव्या नॉर्मनला. मग मॅट जिन्यापासून चांगली पाऊलभर मागे ठेवून तिघांनी पायांनी दाबली. नॉर्मननं ओढून पाहिली, हेझलनं लाथ मारून पाहिली. मॅट हलली नाही.

"आता दोघं खाली जा," डोरीन म्हणाली.

"मी इथेच थांबतो ना."

"खाली, नॉर्मन."

तो खाली गेला आणि हॉलमध्ये भिंतीला टेकून उभा राहिला. वर बाथरूमचं दार वाजलं. पावलं आली आणि मॅटवर थांबली. कठड्यावर हात पडल्याचा आवाज झाला. पहिली पायरी, मग दुसरी.

"नॉर्मन," ती वरूनच म्हणाली, "श्वास घे रे बाबा. तू धाडकन पडलास तर तुला उचलणार कोण?"